संगणक-शंका : कोणाच्या यंत्रावर कोणते लिनक्स?

विंडोज १०चा नियमित आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून मिळणारी नेहमीची अद्यतने, ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला आणि तेव्हापासून या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एकच प्रश्न निरनिराळ्या रूपांत येऊ लागला : लिनक्ससारखी मुक्त स्रोत, म्हणजे जिची आज्ञावली सर्वांना खुली असते अशी, कार्यप्रणाली वापरायची तर त्यांतली कोणती? काही पत्रे लिनक्सचे नाव नुकतेच ऐकलेल्यांची आहेत, तर काही ते पंधरा-पंधरा वर्षे वापरणाऱ्यांची. त्यांपैकी पाच पत्रे थोडी संक्षिप्त करून या अंकात घेतली आहेत.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. माझ्याकडे दहा-अकरा वर्षांपूर्वीचा लॅपटॉप असून त्यात चौथ्या पिढीचा आय-३ प्रोसेसर आणि ४ जीबी रॅम आहे. विंडोज ११ यावर चालणार नाही, नवा घ्या, असे दुकानदार म्हणतो. भाचा म्हणतो, लिनक्स टाकून देतो. पण शोधायला बसले तर शेकडो नावे समोर येतात. मला मराठीत लेख लिहायचे असतात, बँकेचे व्यवहार पाहायचे असतात आणि दर रविवारी परदेशातल्या मुलीशी बोलायचे असते. माझ्यासारख्या नवख्या व्यक्तीने कोणते निवडावे? — एक वाचक, सातारा

उत्तर : दुकानदाराचे पहिले वाक्य खरे आहे, दुसरे मानायची गरज नाही. विंडोज ११साठी इंटेलचा साधारणतः आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, आणि आपले यंत्र पहिल्याच अटीला अडते. तरीही घाई करू नका. घरगुती ग्राहकांना विंडोज १०ची सुरक्षा-अद्यतने ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळवता येतील अशी सोय मायक्रोसॉफ्टने ठेवलेली आहे, त्यामुळे बदल सावकाश, पारखून करता येईल.

आता त्या शेकडो नावांविषयी. नेमके बोलायचे तर लिनक्स म्हणजे केवळ कर्नल, म्हणजे यंत्राचे भाग आणि आपण वापरतो ते प्रोग्रॅम यांच्यामधला कारभारी. लिनस टोर्वाल्ड्स यांनी तो १९९१ मध्ये लिहायला घेतला. या कर्नलभोवती खिडक्या, मेनू, ब्राउझर, टंकलेखनाची साधने आणि अद्यतनांची व्यवस्था रचून जो तयार संच दिला जातो त्याला डिस्ट्रिब्युशन किंवा बोलण्यात डिस्ट्रो म्हणतात. डाळ एकच, पण आमटी घराघरांतली वेगळी, असा हा प्रकार आहे. उबंटू, मिंट, डेबियन, फेडोरा ही सारी अशीच घरे.

यांतले नवख्यांसाठी कोणते आणि जाणत्यांसाठी कोणते, असे दोन रकाने करून द्यावेत अशी बहुतेकांची अपेक्षा असते. मला ही विभागणी फारशी पटत नाही. कोणतीही डिस्ट्रो चालू असते तेव्हा ती सोपीच वाटते. ज्या दिवशी अद्यतनानंतर आवाज बंद होतो किंवा वाय-फाय दिसेनासे होते, त्या दिवशी ती दुरुस्त कोण करणार, या प्रश्नाच्या उत्तरावर निवड ठरावी. आपल्या बाबतीत ते उत्तर ‘भाचा’ असे आहे. तेव्हा तो स्वतः काय वापरतो ते त्याला आधी विचारा. तो उबंटू किंवा मिंट वापरत असेल, तर तेच घ्या, कारण फोनवरूनसुद्धा तो ‘आता डावीकडच्या मेनूत जा’ असे डोळे मिटून सांगू शकेल. तो आर्च ही बहुतेक सारे हाताने जोडावी लागणारी डिस्ट्रो वापरत असेल, तर मात्र त्याचे कौतुक करा आणि मिंट टाकून घ्या.

मिंट का, ते सांगतो. २००६ पासून चालत आलेल्या या डिस्ट्रोत पडद्याच्या खालच्या पट्टीवर डाव्या कोपऱ्यात मेनू आणि उजवीकडे घड्याळ अशी ओळखीची मांडणी असते, त्यामुळे वर्षानुवर्षे विंडोज वापरलेला हात चाचपडत नाही. तिच्या मुख्य आवृत्त्या उबंटूच्या दीर्घ आधाराच्या आवृत्तीवर बेतलेल्या असतात. जुलै २०२४ मध्ये आलेल्या मिंट २२ला २०२९ पर्यंत सुरक्षा-अद्यतने मिळणार आहेत. म्हणजे एकदा घडी बसली की तीन-चार वर्षे मोठा बदल करावा लागत नाही. मिंट सिनॅमन, माते आणि एक्सएफसीई अशा तीन रूपांत मिळते. सिनॅमन दिसायला अधिक देखणे आहे, पण ४ जीबी रॅमवर एक्सएफसीईच घ्यावे. खरे तर अडचण खिडक्यांची नसून ब्राउझरची असते : बँकेचे पान, ई-मेल आणि चार यूट्यूब टॅब उघडे असले की कोणतीही डिस्ट्रो ४ जीबीत हँग होऊ लागते. शक्य असेल तर लॅपटॉपमध्ये आणखी ४ जीबी रॅम आणि जुन्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसवून घ्या. डिस्ट्रोच्या निवडीने पडेल त्याहून कितीतरी अधिक फरक या दोन भागांनी पडेल.

विंडोज पुसण्याआधी मिंट पेन ड्राइव्हवरून चालवून पाहावे. त्यासाठी ८ जीबीचा पेन ड्राइव्ह पुरतो, आणि अशा रीतीने चालवताना डिस्कवर काहीच लिहिले जात नाही. वाय-फाय जोडले जाते का, कॅमेऱ्यात चेहरा दिसतो का, लॅपटॉपचे झाकण मिटून उघडल्यावर पडदा परत येतो का आणि प्रिंटर छापतो का, या चार गोष्टी पाहा. झाकणाची चाचणी लोक विसरतात आणि नंतर तीच रोज त्रास देते. मिंटची फाइल केवळ अधिकृत संकेतस्थळावरून घ्यावी आणि तेथे दिलेल्या चेकसमशी, म्हणजे फाइल मूळचीच आहे हे पटवणाऱ्या आकड्याशी, ताडून पाहावी, असे भाच्याला अवश्य सांगा. फेब्रुवारी २०१६ मध्ये मिंटच्या संकेतस्थळातच घुसखोरी होऊन तेथील दुवा काही काळ चोरवाट घातलेल्या बनावट फाइलीकडे वळवला गेला होता, म्हणून ही काळजी पुस्तकी नाही.

मराठी टंकलेखनाची चिंता नको. आपण इनस्क्रिप्ट ही भारतीय भाषांची प्रमाणित कळरचना वापरत असाल, तर कळफलकाच्या सेटिंगमध्ये भारत या गटातला मराठी कळफलक जोडला की काम होते. रोमन अक्षरांतून उच्चारानुसार लिहिण्याची सवय असेल, तर तेथेच मराठी ‘कागप’ हा पर्याय आहे, किंवा आयबस हे साधन बसवून त्यात मराठी पद्धती निवडता येते. मात्र उच्चारानुसार लिहिण्याचा प्रत्येक साधनाचा लहजा वेगळा असतो, तेव्हा पहिले आठ-दहा दिवस ‘ळ’ आणि ‘ज्ञ’ कुठे गेले ते शोधण्यात जातील हे धरून चाला. जुने लेख श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फाँटांत असतील, तर तो फाँट नसलेल्या कोणत्याही यंत्रावर, मग ते विंडोजचे का असेना, अक्षरांऐवजी चिन्हांचा चिवडा दिसतो. असे लेख विंडोज चालू आहे तोवरच युनिकोडमध्ये रूपांतरित करून ठेवा. रविवारच्या गप्पांसाठी झूमचे लिनक्ससाठी वेगळे ॲप आहे आणि गूगल मीट ब्राउझरमधून चालते.

सर्वांत महत्त्वाचे : छायाचित्रे आणि लेख बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या, आणि ती डिस्क दुसऱ्या यंत्राला लावून फाइली उघडतात याची खात्री करा. ‘संपूर्ण डिस्क पुसून बसवा’ आणि ‘विंडोजच्या शेजारी बसवा’ हे दोन पर्याय पडद्यावर एकाखाली एक असतात. अनेक वर्षांपूर्वी मी घाईत चुकीचा निवडला होता आणि घरातल्या एका लग्नाची छायाचित्रे कायमची गेली. बसवून झाल्यावर मिंटमधले टाइमशिफ्ट चालू करायला भाच्याला सांगा, म्हणजे एखादे अद्यतन बाधले तरी प्रणाली आदल्या स्थितीत नेता येते. टाइमशिफ्ट प्रणालीची प्रत ठेवते, आपल्या लेखांची नव्हे, हे मात्र ध्यानात असू द्या.

प्रश्न : माझे पुण्यात डीटीपीचे छोटे दुकान आहे. कोरल ड्रॉ, पेजमेकरच्या जुन्या फाइली आणि श्रीलिपी यांवर लग्नपत्रिका व अहवालांचे काम चालते. सगळे लिनक्सवर नेता येईल का? — एक वाचक, पुणे

उत्तर : नेऊ नये. रेखाटनासाठी इंकस्केप आणि पानमांडणीसाठी स्क्रायबस ही चांगली, मुक्त साधने आहेत आणि नव्या कामासाठी ती जरूर शिकावीत, परंतु आपल्या धंद्याचे भांडवल जुन्या फाइलींत आहे, आणि त्या फाइली जशाच्या तशा उघडून उद्या सकाळी छापायला देणे हे काम लिनक्सवर होणार नाही. वाइन या साधनाने विंडोजचे काही प्रोग्रॅम लिनक्सवर चालतात हे खरे, पण गिऱ्हाईक समोर उभे असताना ‘बहुधा चालते’ यावर विसंबता येत नाही. जुने यंत्र त्याच्या विंडोजसह डीटीपीपुरते ठेवावे आणि त्याला इंटरनेटपासून तोडावे; गिऱ्हाइकांचे ई-मेल आणि पेन ड्राइव्ह उघडण्यासाठी दुसऱ्या स्वस्त यंत्रावर मिंट टाकावे. दुकानात शिरणारे बहुतेक व्हायरस पेन ड्राइव्हवरूनच येतात आणि ते विंडोजसाठी लिहिलेले असतात, त्यामुळे या व्यवस्थेचा एवढा लाभ तरी नक्की आहे.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात आहे. वर्षभर उबंटू वापरतो आहे. वसतिगृहातले मित्र म्हणतात की उबंटू आणि मिंट पोरांसाठी असतात, खरे लिनक्स शिकायचे तर आर्च वापर. मी बदलावे का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्या मित्रांना एक गोष्ट सांगा : ज्यांनी कर्नल लिहिला ते लिनस टोर्वाल्ड्स स्वतः अनेक वर्षे फेडोरा वापरत आले आहेत. त्यांना कर्नलवर काम करायचे असते आणि भोवतालची प्रणाली मुकाट्याने चाललेली हवी असते. डिस्ट्रोच्या नावावरून माणसाची पात्रता ठरवणे हा वसतिगृहातला जुना खेळ आहे. माझ्या वेळी आर्चच्या जागी स्लॅकवेअर ही जुनी डिस्ट्रो होती, एवढाच फरक.

तरीही आपल्याला आर्च वापरू नका असे मी सांगणार नाही, कारण त्यात शिकण्यासारखे खरोखरच आहे. उबंटूचा इन्स्टॉलर जे निर्णय आपल्या वतीने गुपचूप घेतो, म्हणजे डिस्कची विभागणी कशी करायची, यंत्र सुरू होताना प्रणाली उठवणारा बूटलोडर कोणता, जाळ्याची जोडणी कोण सांभाळणार, पडद्यावरच्या खिडक्या कोणत्या, ते सर्व आर्चच्या पारंपरिक पद्धतीत आपल्याला एकेक करून, लिहून करावे लागतात. २०२१ पासून आर्चसोबत ‘आर्चइन्स्टॉल’ नावाचा मार्गदर्शक प्रोग्रॅम येतो आणि त्याने ही बसवणी बरीच सोपी होते, पण शिकण्यासाठीच आर्च घेत असाल तर पहिल्या वेळी तो वापरू नका, नाहीतर हेतूच हरवेल.

खरा फरक बसवण्यात नाही, पुढे रोज जगण्यात आहे. उबंटूची आवृत्ती ठरलेली असते. तिच्या आयुष्यात मुख्यतः सुरक्षेच्या आणि चुकांच्या दुरुस्त्या येतात, साधनांच्या आवृत्त्या सहसा बदलत नाहीत. आर्चमध्ये आवृत्ती ही गोष्टच नाही, प्रत्येक साधनाचे नवे रूप तयार होताच थोड्या चाचणीनंतर ते आपल्यापर्यंत येते, आणि यालाच रोलिंग पद्धत म्हणतात. नवे कंपायलर (स्रोतापासून प्रोग्रॅम बांधणारे साधन), नवा ग्राफिक्स ड्रायव्हर तत्काळ मिळतो ही तिची बाजू जमेची. खर्चाची बाजू अशी की अद्यतन करण्यापूर्वी आर्चच्या मुखपृष्ठावरील बातम्या वाचणे हे आपले कर्तव्य मानले जाते. जून २०२५ मध्ये हार्डवेअरच्या फर्मवेअरचे, म्हणजे भागांच्या आत भरल्या जाणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमांचे, एकच मोठे पॅकेज (गठ्ठा) अनेक लहान पॅकेजांत विभागले गेले, तेव्हा जुने पॅकेज आधी काढून मग अद्यतन करा, अशी सूचना तेथे दिलेली होती. ज्यांनी ती वाचली त्यांचे काम दोन मिनिटांत झाले. ज्यांनी वाचली नाही त्यांचे अद्यतन फाइलींच्या टकरीपाशी अडून बसले. शिवाय निवडक पॅकेजेच तेवढी अद्ययावत करायची आणि बाकीची जुनी ठेवायची, ही उबंटूत खपणारी सवय आर्चमध्ये चालत नाही.

एयूआर या वापरकर्त्यांनीच चालवलेल्या भांडाराविषयी मित्र अभिमानाने बोलत असतील. ते उपयुक्त आहे, पण तेथील पाककृती, म्हणजे पॅकेज बांधण्याच्या सूचनांची फाइल, कोणीही टाकू शकतो. जुलै २०२५ मध्ये ब्राउझरची सुधारित रूपे म्हणून तेथे चढवलेल्या काही पॅकेजांत यंत्राचा ताबा दुसऱ्याकडे देणारा कार्यक्रम सापडला आणि ती काढून टाकावी लागली. बसवण्याआधी ती छोटी पाककृती वाचणे आणि ती काय कुठून उतरवते ते समजून घेणे, ही सवय जडली तर आर्चने आपल्याला खरोखर काही शिकवले असे म्हणता येईल.

तेव्हा असे करा. उबंटू आहे तसे ठेवा. आभासी यंत्रात, म्हणजे व्हर्च्युअलबॉक्ससारख्या साधनात, आर्च हाताने बसवा, मुद्दाम मोडा आणि पुन्हा बसवा. सेमिस्टर संपल्यावर, सुट्टीत, वेगळ्या पार्टिशनवर ते टाका. परीक्षेच्या किंवा प्रोजेक्ट सादर करण्याच्या आठवड्यात अद्यतन करू नका. आर्चविकी हा कोश मात्र आजपासूनच वापरू लागा. त्यातली बहुतेक माहिती कोणत्याही डिस्ट्रोला लागू पडते आणि उबंटूवाल्यांची कितीतरी कोडी त्यानेच सुटलेली आहेत. आणि आर्चने समाधान झाले नाही, प्रत्येक वीट आपणच रचावी असे वाटू लागले, तर ‘लिनक्स फ्रॉम स्क्रॅच’ हा मार्गदर्शक घेऊन सगळी प्रणाली स्रोतापासून बांधून पाहा. रोजच्या वापरासाठी ते नव्हे, पण त्यानंतर मित्र गप्प बसतील.

प्रश्न : सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेने तयार केलेले ‘बॉस’ लिनक्स भारतीय असल्याने तेच वापरावे, असे आमच्या मंडळातील एकांचे मत आहे. आपले मत काय? — एक वाचक, ठाणे

उत्तर : बॉस ही सी-डॅकने डेबियनच्या पायावर उभी केलेली, भारतीय भाषांचा आधार नीट बसवून दिलेली डिस्ट्रो आहे आणि तिचा मुख्य रोख सरकारी कामकाजावर आहे. कार्यालयाने ती ठरवून दिली असेल, तर निःशंक वापरावी. घरच्या वापरासाठी मात्र मी स्वदेशी-परदेशी हा निकष लावणार नाही, कारण मुक्त स्रोताचे अर्धे मर्म सीमा न मानण्यातच आहे. लोहित मराठी आणि लोहित देवनागरी हे फाँट जगभरच्या डिस्ट्रोंत जातात, तेव्हा आपणही केवळ घेत नसतो, देतही असतो. मंडळात अडचण आली तर शोधल्यावर उत्तर पटकन कोठे सापडते, हे पाहावे. त्या कसोटीवर उबंटू आणि मिंट यांचे पारडे आज जड आहे.

प्रश्न : मी २००८ पासून जेंटू ही प्रोग्रॅम स्रोतापासून स्वतः बांधायला लावणारी डिस्ट्रो वापरतो, व्यवसायाने प्रोग्रॅमर आहे. पंचेचाळिशी आली, घरी दोन मुले आहेत, आणि रविवार कंपाइल करण्यात घालवणे आता जमत नाही. डेबियनकडे वळावे तर माघार घेतल्यासारखे वाटते. दुसरे असे की इचलकरंजीला मेव्हण्याच्या कार्यालयातला सर्व्हर मीच बसवून दिला होता, त्यावर अजून सेंटओएस ७ ही सर्व्हरसाठीची डिस्ट्रो आहे. त्याचे काय करावे? — एक वाचक, पुणे

उत्तर : आपला दुसरा प्रश्न अधिक तातडीचा आहे, पण पहिल्याने सुरुवात करतो. डिसेंबर २०२३ पासून जेंटूने अधिकृतपणे तयार बायनरी, म्हणजे आधीच बांधून ठेवलेल्या, पॅकेजांचे भांडार दिलेले आहे. ब्राउझर आणि कंपायलर यांसारखी जडजंबाल पॅकेजे तेथून घ्यावीत आणि ज्यांत आपले खास पर्याय हवे आहेत तेवढीच स्रोतापासून बांधावीत. म्हणजे घर न सोडताही रविवार मिळू शकेल.

तरीही डेबियन घेतलेत तर ती माघार नव्हे. डेबियन स्टेबल या स्थिर शाखेतली साधने जुनी असतात म्हणून जाणती मंडळी नाके मुरडतात, पण २०२४चा मार्च आठवा. एक्सझेड या फाइली दाबणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कोणीतरी दोन-अडीच वर्षे विश्वास कमावून चोरवाट घातली होती, आणि एसएसएच या साधनाने दूरच्या यंत्रात शिरायला अर्धा सेकंद जास्त का लागतो, एवढ्याशा संशयावरून आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने ती शोधून काढली. त्या आवृत्त्या डेबियनच्या टेस्टिंग व अनस्टेबल शाखांत, फेडोराच्या रॉहाइड या विकास-शाखेत आणि ओपनसुसे टंबलवीड या रोलिंग डिस्ट्रोत पोहोचल्या होत्या. डेबियन स्टेबलमध्ये पोहोचल्या नव्हत्या. यावरून जुने ते सुरक्षित असा नियम काढू नये, कारण जुन्या आवृत्तीत ज्ञात छिद्रे बुजवण्याचे कष्ट डेबियनच्या सुरक्षा गटाला सतत घ्यावे लागतात. पण उशीर करणे हासुद्धा एक विचारपूर्वक घेतलेला तांत्रिक निर्णय असतो, एवढे निश्चित. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेले डेबियन १३ आपल्या गरजेला पुरेल. नवी साधने लागतील ती मूळ प्रणालीला धक्का न लावता, फ्लॅटपॅकमधून किंवा कंटेनरमध्ये घ्यावीत. आपल्याला जेंटूची नेमकी जी गोष्ट आवडते, म्हणजे प्रणाली आपल्या लिखित इच्छेनुसार घडवणे, ती निक्सओएस या डिस्ट्रोमध्येही आहे आणि तेथे बिघडलेला बदल बूटच्या वेळी मागे फिरवता येतो. मात्र तिची भाषा शिकण्यात पुन्हा काही रविवार जातील, म्हणून मुले थोडी मोठी होऊ द्यावीत असे सुचवतो.

आता सर्व्हर. सेंटओएस ७ची अद्यतने ३० जून २०२४ रोजी थांबली आहेत, म्हणजे तेव्हापासून तो सर्व्हर उघड्या दाराने चालतो आहे. तो कार्यालयाबाहेरून दिसत असेल, तर आजच्या आज बाहेरची वाट बंद करा. पुढची निवड अल्मालिनक्स, रॉकी लिनक्स आणि डेबियन यांतून करावी. पहिली दोन, सेंटओएस ७प्रमाणेच, रेड हॅट या कंपनीच्या व्यावसायिक आवृत्तीशी सुसंगत राहतात, त्यामुळे आपल्या जुन्या स्क्रिप्ट आणि सवयी फारशा बदलाव्या लागणार नाहीत. सेंटओएस ८चे आयुष्य २०२९ पर्यंत असेल असे सांगून ते डिसेंबर २०२१ मध्येच संपवण्यात आले, हा कटू अनुभव आपणही घेतला असेल, आणि म्हणून ज्यामागे कोणतीही कंपनी मालक म्हणून नाही अशा डेबियनकडे वळावे असे वाटत असेल, तर तेही रास्त आहे. तीन वर्षे पूर्ण आणि पुढची दोन दीर्घ आधाराची, असा त्याचा हिशेब असतो. अल्मालिनक्स ९ मात्र २०३२ पर्यंत चालेल. इचलकरंजीला वारंवार जाणे होत नसेल, तर ही जादा वर्षे मोलाची आहेत.

एक गोष्ट आधी तपासा. रेड हॅटच्या दहाव्या आवृत्तीला एक्स८६-६४-व्ही३ या क्षमता-पातळीचा, म्हणजे तुलनेने नवा, प्रोसेसर लागतो, आणि सेंटओएस ७च्या काळातले कितीतरी सर्व्हर त्या पातळीचे नाहीत. अल्मालिनक्सने आपल्या दहाव्या आवृत्तीची व्ही२ पातळीवर चालणारी वेगळी बांधणीही दिली आहे, पण इतर कंपन्यांची पॅकेजे तिच्यावर चालतीलच असे नाही. म्हणून जुन्या यंत्रावर नववी आवृत्तीच टाकावी. सातवरून आठ आणि मग नऊ अशा टप्प्यांनी वर नेण्यासाठी एलिव्हेट नावाचे साधन आहे, तरीही एवढ्या जुन्या सर्व्हरवर ते चालवण्यापेक्षा दुसऱ्या डिस्कवर नवी प्रणाली बसवून माहिती तिकडे नेणे मला अधिक सुरक्षित वाटते. जुनी डिस्क महिनाभर कपाटात ठेवा. आणि काय कुठे बसवले आहे, बॅकअप कोठे जातो, सर्व्हर बंद कसा करायचा, हे मराठीत एका कागदावर लिहून मेव्हण्याच्या कार्यालयात चिकटवा. आपण पुण्यात झोपलेले असताना तो कागदच वाचला जाणार आहे.